तिचं पाणी राहिलंय

तो गच्चीवरचा दिवा मालवा, डोळ्यांवर येतो. आणि कुणाला खाली जाऊन पाणी पिऊन यायचं असेल, तर आत्ताच या. नंतर जाववणार नाही.

हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही. माझ्या बाबतीत कधी काही घडतच नाही, हवं तर तुमच्या काकूला विचारा. हे घडलं आमच्या वेल्डरच्या बायकोच्या बाबतीत, आणि मी ते तिच्याच तोंडून ऐकलंय.

मी गेलो होतो फाटकाची बिजागरी जोडून घ्यायला. एवढंच काम. वेल्डर माझा शाळेपासूनचा दोस्त, त्याचं दुकान घराला लागूनच. तो सिलिंडर आणायला गेला होता. येतील तासाभरात, बसा, म्हणून वहिनींनी खुर्ची दिली. दिवेलागणीची वेळ, आणि लाइट गेलेली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, तुमच्या गल्लीत पाण्यावरून भांडणं कशी होत नाहीत, आमच्याकडे तर डोकी फुटायची वेळ येते. वहिनी उठल्या. मग त्यांनी दार नुसतं लोटून घेतलं आणि सांगायला लागल्या.

आधी ती गल्ली डोळ्यांसमोर आणा. टेकडीच्या उतारावर एका ओळीत दहा-बारा घरं. मधून पायऱ्या. सगळ्यात वरचं घर वेल्डरचं, सगळ्यात खालचं मास्तरीणबाईंचं. शहराचा नळ तिथवर चढत नाही. वेल्डरच्या घरामागे खडकात एक झरा आहे, त्याचं पाणी रात्रभर एका टाकीत साठतं आणि सकाळी ते सगळ्यांनी वाटून घ्यायचं. टाकीच्या पायथ्याशी एक चौकोनी खड्डा, त्यावर लोखंडी झाकण. आत प्रत्येक घराचा वेगळा व्हॉल्व्ह. लांब दांड्याची एक चावी असते, ती घालून फिरवली की त्या त्या घरी पाणी जातं. टाकी जवळ म्हणून चावी पहिल्यापासून वेल्डरच्या घरी.

वेल्डरची ही दुसरी बायको. पहिली, म्हणजे आमच्या थोरल्या वहिनी, दुखण्याने गेल्या. चावी त्यांच्याकडे असायची. त्यांची पद्धत अशी की पाणी सोडायचं ते खालच्या शेवटच्या घरापासून. मग एकेक करत वर यायचं, आणि सगळ्यांत शेवटी स्वतःचं घर. कमी पडलंच तर ते आपल्याला पडेल. बाकी नियम नाही, कागद नाही, काही नाही. कुणाकडे बाळंतीण असली तर तिला एक हंडा जास्त, बस. त्या गेल्या तेव्हा गल्लीत कुणाच्या घरी चूल पेटली नाही.

दीड वर्षाने या वहिनी लग्न होऊन आल्या. हुशार बाई, हाताला चपळ. आधी कपडे धुण्याच्या दुकानात हिशेबाला होत्या, पाण्याची किंमत त्यांना कुणी शिकवायला नको होती. मधल्या काळात चावी मास्तरीणबाईंनी सांभाळली होती, ती त्यांनी पहिल्याच आठवड्यात आणून वहिनींच्या हातात ठेवली. म्हणाल्या, तिची आहे, जपून वापर.

तिची.

वहिनींनी जीव तोडून काम केलं हो. टाकीत उतरून गाळ काढला. एक पाइप वर्षानुवर्षं ठिबकत होता, तो नवऱ्याकडून जोडून घेतला. पहाटे उठायच्या, खालच्या घरापासून पाणी सोडायच्या, अगदी थोरलीसारखं. पण लोक काय म्हणणार? "अगदी तिच्यासारखं करते हो." आणि जरा कमी पडलं की, "ती असती तर." लग्नाला पाच वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना नाव होतं 'नवी'. नवी आली का, नवीला विचार, नवीने सोडलं का पाणी.

मला म्हणाल्या, "भावजी, जिवंत सवतीच्या झिंज्या तरी उपटता येतात. मेलेलीचं काय करायचं? तिच्या हातून आता चूकही होत नाही."

त्यात आमचा वेल्डर म्हणजे मुखदुर्बळ माणूस. जेवताना एक शब्द, झोपताना एक. थोरलीचं नाव त्याने या पाच वर्षांत एकदाही काढलं नव्हतं. तुम्हाला वाटेल, चांगलंच आहे की. वहिनींना तसं वाटत नव्हतं. नाव काढलं असतं तर भांडता आलं असतं. तो संध्याकाळी काम संपलं की टाकीपाशी जाऊन हात धुवायचा आणि मग उगाच उभा राहायचा. ओल्या हातांनी. वहिनी खिडकीतून बघायच्या. कुणाची वाट बघतोय हा, असं त्यांच्या मनात यायचं, आणि अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग ते वाईट वर्ष आलं. पाऊस निम्माच झाला होता. एप्रिल संपता संपता झरा बारीक झाला, करंगळीएवढा. टाकी सकाळपर्यंत अर्धीसुद्धा भरेना. सगळ्यांची माथी भडकलेली. एका सकाळी पाणी कमी पडलं, आणि पायऱ्यांवर चारचौघांत मास्तरीणबाई बोलून गेल्या, "तिच्या वेळी झरासुद्धा तिचं ऐकायचा."

त्या बोलल्या आणि विसरल्या. वहिनी विसरल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी क्रम फिरवला. आधी वरची घरं, मग खालची. शेवटच्या घरांची पाळी यायच्या आधीच चावी काढून घ्यायच्या आणि सांगायच्या, आटलं. आटलेलं नसायचं. उरलेलं पाणी वहिनी रात्री दुकानामागच्या शेडमध्ये पिंपांत भरून ठेवायच्या. वापरायलाही नाही. मग कशाला? तर लोकांनी दारात यावं म्हणून. कळशी घेऊन यावं, मागावं, आणि वहिनींनी द्यावं.

आणि लोक आले. काय करतील? वहिनी हसून द्यायच्या. त्या पंधरवड्यात पहिल्यांदा त्यांना कुणी 'नवी' म्हटलं नाही. ताई म्हणायला लागले. ताईंनी दिलं म्हणून भागलं, ताई आहेत म्हणून चाललंय. वहिनी मला सांगत होत्या, त्या दिवसांत त्यांना झोप फार छान लागायची.

फक्त मास्तरीणबाई आल्या नाहीत. त्यांच्या घरात सुनेचं बाळ दीड महिन्याचं. तरी आल्या नाहीत. सासू-सून आळीपाळीने खालच्या रस्त्यावरून, दूरच्या हातपंपावरून पाणी आणायच्या. एका पहाटे अंधारात सुनेचा पाय पायरीवरून सरकला. हात मोडला. प्लॅस्टर बसलं. बाळाला उचलता येईना तिला.

गल्लीतली सगळी बघायला गेली, वहिनीही गेल्या. मास्तरीणबाईंनी त्यांना बसायला पाट दिला, पण पाणी विचारलं नाही. नव्हतंच घरात. वहिनी घरी आल्या आणि पिंपांवरची झाकणं घट्ट लावून घेतली.  मनात म्हणाल्या, मागायला ये की. एकदा ये. एकदा माझं नाव घे.

आता ती रात्र.

मे महिन्यातला दुसरा मंगळवार. म्हणजे मंगळवार संपून बुधवार लागला होता, पावणेतीनचा सुमार. हवा ठप्प. पान हलत नव्हतं. वहिनींना जाग आली ती आवाजाने. लोखंड दगडावरून सरकतं तसा आवाज. टाकीकडून.

त्या झाकणाचा आवाज त्या झोपेतही ओळखणार. पहिला विचार भुताचा नाही आला. पहिला विचार आला मास्तरीणबाईंचा. मागायला येणार नाही, चोरायला येते काय. त्यांनी हात वर करून पाहिलं. चावी उशाच्या खिळ्याला जागच्या जागी. ती घेतली, टॉर्च घेतला. नवरा भिंतीकडे तोंड करून घोरत होता. दार हलकेच ओढून घेतलं आणि बाहेर आल्या.

टाकीपाशी कुणी नाही. झाकण बंद. त्यावर त्यांनीच ठेवलेला दगडसुद्धा तसाच.

पण पाइपाला हात लावला तर पाइप थरथरत होता. आतून पाणी वाहत होतं.

तेवढ्यात खालून आवाज आला. अगदी खालून, शेवटच्या घरापासून. त्या दिवसांत लोक रात्रीच नळाखाली भांडी लावून झोपायचे, तर त्या रिकाम्या हंड्यात पाणी पडायला लागल्याचा आवाज. आधी खोल, पोकळ. मग हंडा भरत जातो तसा तो आवाज बारीक होत वर चढतो, तुम्ही ऐकलाय. तसा चढला. काठापर्यंत आला. थांबला.

थोडी शांतता.

मग त्याच्या वरच्या घरी. पुन्हा तसाच. खोल... मग बारीक... मग बंद.

वहिनी पायऱ्या उतरायला लागल्या. रागाने उतरत होत्या, असं त्याच म्हणाल्या. कोण आहे ते धरायचंच. प्रत्येक घराशी टॉर्च मारत गेल्या. वरची भांडी सगळी रिकामी. मधल्या घरांपाशी आल्या, तोवर आवाज बंद झाला होता. खाली पोचल्या. मास्तरीणबाईंच्या दारात दोन हंडे, काठोकाठ भरलेले. वरचं पाणी अजून हलत होतं. नळ बंद.

आणि मग आवाज आला तो त्यांच्या पाठीमागून. वरून. आत्ताच ज्या घरावरून त्या उतरून आल्या होत्या, तिथून.

म्हणजे कुणीतरी त्यांच्या शेजारून वर गेलं होतं. ती पायरी दोन माणसांच्या रुंदीची आहे, पोरांनो. खांद्याला खांदा लागल्याशिवाय कुणी जाऊच शकत नाही.

त्या वर वळल्या. हळू.

एक घर. भांडं भरलेलं. कुणी नाही.

त्याच्या वरचं. भरलेलं.

त्याच्या वरचं.

आवाज दर वेळी एक घर पुढे. त्या थांबल्या की तोही थांबायचा. टॉर्चच्या उजेडात पायऱ्या कोरड्या. नुसत्या कोरड्या. आणि क्रम... क्रम त्यांच्या आत्ता ध्यानात आला. खालून वर. शेवटच्या घरापासून.

शेवटी एकच घर राहिलं.

त्यांचं.

दाराच्या फटीतून उजेड येत होता. त्या निघाल्या तेव्हा दिवा लावलेला नव्हता. आत स्वयंपाकघरात पाणी पडत होतं, आणि वेल्डर बोलत होता. अर्धवट झोपेतला आवाज, पण बोलत होता. एक शब्द नाही, दोन नाही, सलग. दुकानाचं काहीतरी, कुठल्याशा गिऱ्हाइकाचं. मधूनच एक बायकी आवाज, हलका, काय म्हणाला ते कळलं नाही. आणि वेल्डर हसला.

वहिनी मला म्हणाल्या, "पाच वर्षांत मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. तोपर्यंत मी घाबरलेली होते, भावजी. ते हसले आणि भीती गेली सगळी. नुसती आग."

त्यांनी दार ढकललं. आतून कडी.

बाहेर येताना दार नुसतं ओढून घेतलं होतं त्यांनी.

थाप मारली. आतलं बोलणं थांबलं. पाणीही थांबलं.

"कोण?" वेल्डरने विचारलं.

"मी."

"मी कोण?"

 नाव सांगावं तर नाव आठवेना. खरंच आठवेना, म्हणाल्या. जिभेवर एकच शब्द येत होता, नवी, आणि तो त्यांना मरेपर्यंत उच्चारायचा नव्हता. टॉर्च विझला. मागे अख्खी गल्ली अंधारात... आणि दारापलीकडे कुणीतरी चालत आलं. अगदी जवळ. फळीच्या त्या बाजूला उभं राहिलं.

...

...

"दार उघडा तिला," तो आवाज म्हणाला. रागाचा नव्हता. कामात असलेल्या बाईचा असतो तसा. "तिचं पाणी राहिलंय."

कडी निघाली.

दारात वेल्डर, डोळे चोळत. एकटा. म्हणाला, अगं, तू बाहेर कधी गेलीस? आत्ता तर आत पाणी भरत होतीस.

वहिनी त्याला बाजूला सारून आत गेल्या. स्वयंपाकघरात कुणी नाही. मागचं दार बंद. ओट्याखाली एक हंडा, काठोकाठ. एकच. बाळंतिणीचं घर सोडलं तर बाकी सगळ्यांना मिळाला तेवढाच, ना थेंब कमी, ना थेंब जास्त. त्यांनी कंदील उचलला आणि तशाच शेडमध्ये गेल्या. पिंपांची झाकणं घट्ट होती. उघडली. आत पाणी नव्हतं. नुसतं संपलेलं नव्हतं म्हणे, तळाशी धूळ होती. जाळी होती. वर्षानुवर्षं पाणी न पाहिलेली पिंपं असतात तशी.

उजाडेपर्यंत त्या तिथेच उंबऱ्यावर बसून राहिल्या.

सकाळी गल्लीतली माणसं हसतमुखाने यायला लागली. ताई, रात्री पाणी सोडलंत, बरं झालं. आणि सगळ्यांत शेवटी पायऱ्या चढून आल्या मास्तरीणबाई. चावी देऊन गेल्यापासून पाच वर्षांत त्या आपणहून कधी या दाराशी आल्या नव्हत्या.

म्हणाल्या, बाळाला घेऊन मी जागीच होते. तू दारापाशी येऊन विचारलंस ना, बाळ झोपलं का. मी हो म्हटलं, तर म्हणालीस, मग हळू भरते. त्या एवढ्यावर मला रडू आलं बघ.

वहिनींनी कसंबसं विचारलं, "आवाज कुणाचा होता?"

मास्तरीणबाई थोरलीची जिवाभावाची मैत्रीण. उभा जन्म एकाच गल्लीत काढलेला. त्यांनी एकदा टाकीकडे पाहिलं.

"तुझाच," म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचा असणार?"

आता मला सांगा, वहिनींनी काय बोलावं? मी नव्हते, म्हणावं तर कोण होतं ते सांगावं लागणार. गप्प बसावं तर जिच्या नावाने इतकी वर्षं जीव जळला, तिच्या हातचं पुण्य स्वतःच्या पदरात घ्यावं लागणार. मला म्हणाल्या, "मेल्यावरसुद्धा माझ्यावर उपकार करून गेली हो. ते मला सगळ्यांत जास्त झोंबलं."

पण माणूस पडून सावरतं ते असंच. त्यांनी मास्तरीणबाईंचा हात धरला, शेडमध्ये नेलं आणि पिंपं दाखवली. काय करत होत्या ते सांगितलं. रात्रीचं नाही सांगितलं, पिंपांचं सांगितलं. मास्तरीणबाई ऐकून घेऊन पायऱ्या उतरून गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, वहिनी म्हणाल्या. त्याच संध्याकाळी सगळी गल्ली टाकीपाशी बसली. चिडाचीड झाली, दोघं-तिघं वाट्टेल ते बोलले. वहिनींनी चावी मधोमध ठेवली. म्हणाल्या, ही आता एका घरात नको. प्रत्येक घरी एकेक महिना. ज्याच्याकडे चावी, त्याने आपलं पाणी शेवटी घ्यायचं.

ते आजही तसंच चालतं. पावसाळ्याआधी सगळ्यांनी मिळून झऱ्याच्या वरच्या अंगाला चर खणले, पाणी वाहून जाण्याऐवजी मुरावं म्हणून. त्यानंतर झरा इतका बारीक झाला नाही. मास्तरीणबाईंची सून वर्षभर वहिनींशी बोलली नाही. मग बोलायला लागली. मूल दोघींच्या अंगाखांद्यावर मोठं झालं.

मी विचारलं, वहिनी, अजून भीती वाटते का?

म्हणाल्या, "भीती नाही वाटत. राग येतो. एवढं हसायला काय झालं होतं, ते विचारायचं राहिलं. यांना विचारलं, तर यांना काही आठवतच नाही. म्हणतात, मी तुझ्याशीच बोलत होतो ना."

तेवढ्यात बाहेर वेल्डरच्या गाडीचा आवाज आला. वहिनी झटकन उठल्या. मला म्हणाल्या, हे येण्याआधी एक बघून घ्या, आणि मला स्वयंपाकघरात नेलं. कंदील उंच धरला. सगळ्यांत वरच्या फळीवर, एका कोपऱ्यात, बशीने झाकलेला एक पेला होता. साधा स्टीलचा.

त्या रात्री ओट्यावर दोन पेले ओले होते, म्हणाल्या. एक यांचा, रिकामा. यांनी पाणी पिऊन ठेवला, ते यांना आठवतं. दुसऱ्यात अर्धं पाणी. कुणीतरी अर्धं पिऊन ठेवलं, तसं. ते त्यांना ओतून टाकवेना. पिववलं तर नाहीच. म्हणून झाकून वर ठेवलं.

या गोष्टीला तेव्हा सात उन्हाळे होऊन गेले होते.

वहिनींनी पेला खाली घेऊन ओट्यावर ठेवला, पुरता स्थिर होऊ दिला आणि मग बशी उचलली. मी वाकून पाहिलं.

अर्धा पेला पाणी. स्वच्छ. आणि ते... आत्ताच कुणीतरी खाली ठेवल्यासारखं हलत होतं.